थंडीची बॅग

दिवसभर मी खोकी भरते. औषधांच्या गोदामात पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून मला सोळा वर्षं झाली. बाटल्या खाली, गोळ्या वर, मध्ये कागदाचे बोळे, वरून चिकटपट्टी. हात इतके सरावलेत की खोकं उचललं की वजन कळतं, काट्यावर ठेवायचं ते फक्त सुपरवायझरच्या समाधानासाठी. आणि अशी दीड-दोनशे खोकी भरून घरी यावं तर दाराशी ती बॅग बसलेली असते, पाहुण्यासारखी. ऋतू बदलला की ती सगळी उपसायची आणि पुन्हा भरायची.

आमची आळी नदीला लागून, सगळ्यात खाली. नदीवर वरच्या अंगाला एक जुनं धरण आहे आणि त्याच्या भिंतीला चीर गेली आहे. चार वर्षांपूर्वी गेली. दुरुस्ती चालू आहे, म्हणजे चार वर्षं चालूच आहे. भिंत फुटली तर पाणी आमच्या दारात यायला अर्धा तास लागेल, असं इंजिनियर लोकांनी काढलंय. म्हणून भोंगा झाला की पंचवीस मिनिटांच्या आत टेकडीवरच्या शाळेच्या मैदानात पोचायचं. एकशे बासष्ट पायऱ्या. सोबत एक बॅग, पाठीवर मावेल अशी, आणि तिच्यात दोन दिवस जगता येईल एवढं सामान.

धरणाला ऋतू नसतो, पण आम्हाला असतो. त्यामुळे याद्या तीन. उन्हाळ्याची पिवळी, पावसाळ्याची निळी आणि थंडीची गुलाबी. गुलाबी का, ते ज्याने छापली त्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात पाणी, मीठ-साखर, टोप्या. पावसाळ्यात प्लास्टिक, दोऱ्या, पायाच्या चिखल्यांचं मलम. थंडीत ब्लँकेटं, स्वेटर, मोजे. थंडीची बॅग सगळ्यात जड.

नवीन यादी आली की पुढच्या रविवारी सकाळी दहाला सराव. सरावाला धरणाच्या ऑफिसातून एक साहेब येतात. गळ्यात शिट्टीसारखं घड्याळ अडकवलेलं असतं म्हणून सगळी आळी त्यांना घड्याळवाले साहेब म्हणते. माणूस वाईट नाही, पण हसलो तर घड्याळ मागे पडेल अशा चेहऱ्याने उभा असतो. जो वेळेत वर पोचला त्याच्या घराच्या कार्डावर हिरवा शिक्का. ज्याला जमलं नाही त्याच्या नावापुढे लाल. लाल शिक्क्याच्या माणसाने आळीत राहायचं नाही. नातेवाइकांकडे जायचं, नाहीतर सरकारी निवाऱ्यात.

आमच्या घरात लाल शिक्का बसेल असं माणूस एकच, सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. उन्हाळ्याच्या सरावाला आम्हाला एकवीस मिनिटं लागली, पावसाळ्याच्या सरावाला चोवीस. पुढचं गणित कोणालाही येईल.

सासूबाई खाष्ट नाहीत. खाष्ट असत्या तर बरं झालं असतं, एकदा भांडून मोकळी झाले असते. त्या फक्त हाक मारतात. "अगं." बस एवढंच, आणि मग थांबतात. अगं, चष्मा. अगं, गोळी घेतली का मी? अगं, खिडकी लाव. अगं, खिडकी उघड. मी सकाळी डोळा उघडते तो त्या 'अगं'ने, आणि रात्री झोपते तीही त्याच्यावरच. अठरा वर्षं. आमचे हे टँकर चालवतात. पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी, त्यातला दीड दिवस झोपेत. उरलेल्या अर्ध्या दिवसात ते आईला विचारतात, "बरी आहेस ना?" ती म्हणते, "बरी आहे." झालं, मुलाचं कर्तव्य संपलं.

माझी नणंद शहराच्या वरच्या भागात राहते. चौथा मजला, लिफ्ट, मागची खोली रिकामी. वन्सं म्हणतात, "आईला मी आज नेईन, पण तिने स्वतः म्हटलं पाहिजे." सासूबाई म्हणतात, "या घरातून मी चौघांच्या खांद्यावरच जाईन." आमचे हे म्हणतात, "तुम्ही बायका काय ते ठरवा." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी जर तोंड उघडून म्हटलं की आईंना न्या, तर म्हातारीला घराबाहेर काढणारी सून म्हणून माझं नाव निघणार. मग या सगळ्यातून मार्ग एकच होता आणि तो साहेबांच्या खिशात होता. लाल शिक्का. त्यात कोणाचा दोष नाही. घड्याळाला कोण काय बोलणार?

शनिवारी दुपारी मी बॅग उपसली. पावसाळ्याचं प्लास्टिक काढलं, टॉर्च पेटतो का बघितलं, बिस्किटांच्या तारखा बघितल्या. माझ्या कामाच्या सवयीने जड ते खाली आणि पाठीच्या बाजूला. सासूबाईंचं जाड ब्लँकेट, त्यांची शाल, स्वेटर, लोकरीचे मोजे, गुडघ्याचे पट्टे, शेकायची पिशवी, औषधांचा डबा, जादा चष्मा. माझं एक पातळ ब्लँकेट, एक स्वेटर. कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात. बॅग उचलून बघितली, नऊ किलो. नऊ किलो पाठीवर घेऊन एका हाताने सासूबाईंना धरून मी चढू शकते. पावसाळ्यात तसंच चढले होते.

मग मी दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणखी घातल्या.

यादीत पाणी होतंच, त्याच्या दोन बाटल्या आधीच भरल्या होत्या. 'किमान' असं लिहिलं होतं, म्हणजे जास्त घालायला हरकत नव्हती. मुद्दाम केलंस का, असं कोणी त्या दिवशी विचारलं असतं तर मी कानावर हात ठेवले असते. पण मी सोळा वर्षं वजनं उचलतेय. तेरा किलो म्हणजे मला दोन्ही हातांनी पट्टे धरावे लागणार, सासूबाईंना एकटीने कठड्याला धरून चढावं लागणार, आणि पंचवीस मिनिटं कधीच उलटून जाणार, हे मला कळत होतं. मी चेन लावली आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं. सोमवारपासून सकाळी कोणीही हाक मारणार नाही, एवढा एकच विचार मी त्या दिवशी रात्रीपर्यंत चघळत होते.

रविवारी दहाला भोंगा झाला. सुरुवातीला या भोंग्याने आळीतली माणसं पांढरी पडायची. आता रोज मरे त्याला कोण रडे. शेजारचे शिंपीदादा चहाचा शेवटचा घोट घेऊन मग निघाले. त्यांच्या बॅगेत दर वेळी ती भलीमोठी लोखंडी कात्री असते. साहेबांनी मागे एकदा विचारलं होतं, "पुरात कोणाची पँट शिवणार?" तर म्हणाले, "साहेब, पाणी ओसरल्यावर सगळ्यांनाच कपडे लागतील."

मी बॅग उचलली आणि जागीच थांबले. तेरा नव्हती. नऊ होती, फार तर त्याच्या वर पाव किलो. माझा हात चुकत नाही. कोणीतरी बॅग उघडली होती, आणि घरात आम्ही दोघीच होतो. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, चपला घालून, पदर खोचून. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "वेळ जातोय."

मला वाटलं, बाटल्या काढल्या. पकडली गेले, आता चढताना ऐकावं लागणार. पण त्या काही बोलल्या नाहीत. बॅग हलकी, म्हणजे माझा एक हात मोकळा. त्यांनी तो न विचारता धरला आणि आम्ही चढायला लागलो.

सासूबाई त्याच शाळेत शिपाई होत्या. एकतीस वर्षं रोज सकाळी त्या पायऱ्या चढून त्यांनी घंटा दिली आहे. कुठली पायरी तुटकी, कुठे कठडा हलतो, कुठे श्वास घ्यायला थांबलं तर सावली मिळते, सगळं त्यांना पायाने माहीत. दर वेळी त्या तीनदा थांबतात. आज एकदाच थांबल्या. ओठ निळसर झाले होते, माझ्या दंडात त्यांची बोटं रुतली होती, आणि तरी त्या पाय उचलत होत्या, एकेक, कोणाशी तरी पैज लावल्यासारख्या. मी म्हटलं, "आई, सावकाश." त्या म्हणाल्या, "गप्प बस, दम पुरव." शेवटच्या वीस पायऱ्या मी त्यांना जवळजवळ ओढलंच. का ओढलं ते मला विचारू नका. माणूस चढत असलं की हात आपोआप वर ओढतो.

तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. साहेबांनी मान डोलावली. मी मैदानातल्या बाकावर सासूबाईंना बसवलं. म्हणजे सोमवारी 'अगं.' मंगळवारी 'अगं.' पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी.

साहेब दर सरावाला दोन-तीन बॅगा उघडून यादीशी ताडून बघतात. त्या दिवशी आमच्यावर बोट आलं. त्यांनी चेन उघडली आणि एकेक वस्तू बाकावर काढायला सुरुवात केली. टॉर्च. काडेपेटी. बिस्किटं. माझं ब्लँकेट, माझा स्वेटर. झेरॉक्स. आणि पाण्याच्या बाटल्या, चारही. मी घातलेल्या दोन्ही होत्या.

बॅग रिकामी झाली.

"आजींचं काही दिसत नाही यात," साहेब म्हणाले. "औषधं? गरम कपडे?"

"घरी राहिलं," सासूबाई पटकन म्हणाल्या. "घाईत."

"सगळंच?"

"सगळं एका पिशवीत होतं. पिशवीच राहिली."

साहेबांनी कपाळाला आठी घातली, कार्ड काढलं आणि शिंपीदादांची कात्री बघायला पलीकडे गेले. मी सासूबाईंच्या शेजारी बसले. पिशवी वगैरे काही नव्हती. मी स्वतः भरलं होतं, आणि ब्लँकेटपासून मोज्यांपर्यंत त्यांचं सगळं कोणीतरी वेचून काढलं होतं. झेरॉक्सचं पाकीट चाचपलं. त्यात त्यांचा कागदही नव्हता.

"आई, का काढलंत?"

त्या समोर बघत होत्या. दम अजून खाली बसला नव्हता.

"हळू बोल. आज जमलं ना? झालं तर मग."

"का काढलंत ते सांगा."

"मला लागणार नाही म्हणून." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. "खरा भोंगा होईल तेव्हा मी येणार नाहीये. आजचं चढणं साहेबांसाठी. खऱ्या वेळी तू मला धरून चढशील आणि दोघी मधल्या टप्प्यावर सापडू. मला घर सोडायचं नाही आणि तुला घेऊन बुडायचंही नाही. तू बॅग घे आणि पळ. मग माझी ओझी तुझ्या पाठीवर कशाला?"

कोणी म्हणेल, इथे माझं मन भरून आलं असेल. नाही आलं. मला राग आला. चार वर्षं मी या बाईची शाल बॅगेत घालतेय, काढतेय, उन्हात टाकतेय, पुन्हा घालतेय, आणि हिने बसल्या जागी, मला न विचारता, स्वतःचं मरण ठरवून टाकलं होतं. वर मला सांगत होती पळ म्हणून. म्हणजे मी पळायचं, आणि मग उरलेलं आयुष्य काय करायचं?

साहेब परत आले. त्यांनी कार्ड आणि पेन माझ्यासमोर धरलं. हिरव्या शिक्क्याआधी घरातल्या जबाबदार माणसाची सही लागते: घरातील सर्व व्यक्ती भोंगा होताच बाहेर पडतील. चार वर्षं मी ती ओळ न वाचता सही करत आले होते. ताप मोजायच्या कागदावर नर्स करते तशी.

"आजींचं सामान आजच भरून ठेवा," ते म्हणाले. "करा सही."

पेन हातात होतं. आठवडाभर ज्या लाल शिक्क्याची मी वाट बघत होते तो आता माझ्याच जिभेवर आला होता, आणि आता मला तो नको होता. घड्याळाने मारला असता तर मी दोन अश्रू ढाळले असते, चार बायकांनी माझी समजूत घातली असती. आता मी बोलले तर ते माझंच. सही केली तर सासूबाई खूश, साहेब खूश, आणि एक दिवस त्या घरात पाण्याची वाट बघत बसणार.

"मी सही करत नाही," मी म्हटलं. "खरा भोंगा झाला तर या निघणार नाहीत. आत्ताच सांगितलं त्यांनी मला. सामान त्यांनीच काढलंय."

साहेब खाली वाकले. "खरं आहे का हो, आजी?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नाही म्हणू शकल्या असत्या. त्यांच्या एका शब्दावर मी खोटी पडले असते, आणि आळीने त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता.

"तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "घर ती चालवते."

साहेबांनी लाल शिक्का मारला. आठ दिवसांची मुदत दिली.

खाली उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही, कठडा धरला. शिंपीण मागून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सुटलीस गं बाई एकदाची." तिने चांगल्या मनाने म्हटलं. तेच तर जास्त लागलं. फोनवर यांना सांगितलं तर पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज. मग म्हणाले, "तू सांगितलंस साहेबांना?" मी म्हटलं, हो. "बरं," ते म्हणाले. आता त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते शोधत बसायची ताकद माझ्यात नव्हती. वन्सं मात्र खुशीत होत्या. खोलीला रंग काढायला घेतला म्हणे.

तो आठवडा सासूबाईंनी मला एकदाही हाक मारली नाही. गोळ्या स्वतः घेतल्या, खिडकी स्वतः लावली, चष्मा शोधायला वीस मिनिटं लागली तरी स्वतः शोधला. मी कामावर जायचे, खोकी भरायचे, घरी यायचे. इतकी शांतता मी अठरा वर्षं मागत होते. मिळाली तर तिच्यात झोप लागेना. गोदामात दोनदा चुकीचं खोकं चिकटवलं. सुपरवायझर म्हणाला, बरं नसेल तर रजा घ्या. म्हटलं, रजा घेऊन घरीच जावं लागेल.

शनिवारी दुपारी मी त्यांची बॅग भरायला बसले. या बॅगेला यादी नव्हती. त्या पलंगावर बसून बघत होत्या. मी ब्लँकेटाची घडी घातली, शाल घातली, औषधांचा डबा कपड्यांच्या मध्ये बसवला म्हणजे हलणार नाही.

"तुला हेच हवं होतं ना?" त्यांनी विचारलं. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. "हो," मी म्हटलं.

"मला ठाऊक होतं. दोन बाटल्या जास्त घातल्यास तेव्हा मी इथूनच बघत होते."

"मग त्याच का नाही काढल्यात?"

"पाणी तुला लागलं असतं." त्यांनी ते असं सांगितलं की जणू मी मूर्खासारखं काही विचारलं होतं. "पण मला एक कळत नाही. तुला मला घालवायचंच होतं, तर सही का नाही केलीस? मी घरात राहिले असते आणि एक दिवस तुझी सुटका आपोआप झाली असती. तुला कोणी बोल लावला नसता. उलट बिचारी म्हणाले असते."

हे माझ्याही डोक्यात आठवडाभर फिरत होतं. मी त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, हे मला आजही सुटं करून सांगता येणार नाही. पण त्या क्षणी जे तोंडात आलं ते खरं होतं.

"तुम्ही मला मेलेल्या नको होतात, आई. लांब हव्या होतात."

सासूबाईंच्या तोंडाची एक बाजू हलली.

"एवढं सरळ आधी कधी बोलली नव्हतीस."

"आधी बोलले असते तर गेला असतात?"

"छे. पण भांडण तरी झालं असतं." त्यांनी पाय पुढे केला. "मोजे घाल. बॅगेत नको, पायात घाल. थंडी वाजतेय."

मी खाली बसले आणि मोजे घातले. पाऊल सुजलेलं होतं, त्या चढण्याने. आठ दिवस त्या त्याच पायाने घरात फिरत होत्या आणि मला बोलल्या नव्हत्या. मी ते पाऊल मांडीवर घेतलं आणि तेव्हा मला रडू आलं. सासूबाईंनी मला रडू दिलं. डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, ते आमच्यात कधी नव्हतंच. फक्त पाय काढून घेतला नाही.

रविवारी वन्सं गाडी घेऊन आल्या. सासूबाई दाराच्या तीन पायऱ्या उतरल्या, एकेक. शिंपीदादा बॅग उचलायला आले तर मी त्यांना उचलू दिली नाही. गाडीत बसवलं, दार लावलं, काच खाली होती.

"दर रविवारी येईन मी," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांखालचं काळं बघत असाव्यात, कारण त्यांची नजर तिथेच थांबली होती.

"दर रविवारी नको," त्या म्हणाल्या. "एखाद्या रविवारी झोप."